सध्या कुठला अल्बम अख्खा ऐकताय?

विंडोसीट
पावसाने गाड्यांचा बोजवारा उडवल्यापासून रोज जाऊन-येऊन तीन तास कानात काहीतरी घालून काढावे लागतात. फोन आपण होऊन जी गाणी निवडून देतो त्यांचा आता वीट आलाय. लताबाईंच्या पाठोपाठ कुणाच्या तरी हळदीतला धांगडधिंगा, त्यामागून झोपेसाठी म्हणून पावसाचा आवाज. अहो, पाऊस खिडकीतून अंगावर येतोय, आणखी कानात कशाला?

म्हणून महिनाभर एक नियम पाळतेय. अल्बम लावायचा तो पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं काही न गाळता. तुम्हीही सांगा काय ऐकताय ते. 'त्यातलं तिसरं गाणं छान आहे' असले प्रतिसाद नकोत, अख्खा ऐकला असेल तरच लिहा.

सुरुवात माझ्यापासून: 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसादजींची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस रागांच्या वेळेप्रमाणे उलगडत जातो. पहाटे अहिरभैरव, शेवटी पहाडी. मी भाईंदरला चढते तेव्हा त्याची पहाट होते, आणि दादर येईपर्यंत बिचाऱ्याची रात्र झालेली असते. सकाळी सव्वानऊला. बाहेर बायका उतरायला रेटारेटी करतायत आणि कानात चांदणं पडलंय.

लहानपणापासून हा अल्बम तुकड्यातुकड्यांनी ऐकला होता, पण काबरांची गिटार किती जागा सांभाळते ते आत्ता कळलं. बासरी आणि संतूर मिरवतात, ती मधे सतरंजी अंथरल्यासारखी पसरलेली असते. आणि हे सगळं जुळवून आणणारे एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीतले जी. एन. जोशी म्हणजे 'रानारानांत गेली बाई शीळ' गाणारे तेच, हे मला चाळिशीत समजलं. लाज वाटली.

चाळकरी
'राम श्याम गुणगान'. भीमसेनजी आणि लताबाई, संगीत श्रीनिवास खळे, १९८५. अख्खा, क्रमाने, रोज सकाळी साडेसहाला. मी लावत नाही, शेजारचे लावतात. भिंत अर्ध्या विटेची आहे. अटीत बसतं का?

विंडोसीट
बसतं. पण शेजाऱ्यांच्या नावावर.

तबकडीवेडा
माझा प्रतिसाद जरा लांबेल, कारण आनंद फार झालाय.

आमचे मामा पस्तीस वर्षं न्यू जर्सीत होते, ते कायमचे परत आले. सामानात त्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर होता, तो मला दिला. १९७० च्या दशकातला, लाकडी पेटीचा, अंगाने जड. ग्रँट रोडच्या एका मिस्त्रीकडून साफसफाई करून घेतली, बेल्ट नवा घातला, ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणला आणि मुलुंडच्या घरी गेल्या रविवारी मुहूर्त केला. पहिली तबकडी किशोरीताई आमोणकरांची. एका बाजूला बागेश्री, एका बाजूला भूप. चोरबाजारात दोन वर्षांपूर्वी घेतली होती, ती आजवर नुसती कपाटात होती.

काय सांगू! 'प्रथम सूर साधे' सुरू झालं आणि अंगावर काटा आला. फोनवर हा भूप मी शंभर वेळा ऐकला असेल, पण ताईंचा असा गंभीर, असा जमिनीतून आल्यासारखा आवाज कधी ऐकला नव्हता. विलंबित तर इतकं ऐसपैस, की प्रत्येक स्वर पाय पसरून बसलाय असं वाटतं. खर्जाचा काय भरदारपणा! डिजिटलमध्ये आपण काय गमावून बसलोय ते कळलं. आता आठवडाभर रोज रात्री हीच तबकडी, दोन्ही बाजू.

अवांतर: आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "या बाईला सर्दी झालीय का रे?" असो.

गिरगावकर
तबकडीवेडा, अभिनंदन. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, तेव्हा कपाटाच्या तळाशी ठेवू नका आणि तबकड्या आडव्या रचू नका, वाकतात.

विंडोसीट यांनी 'अल्बम' म्हटलं म्हणून सांगतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. लांबलचक काही असलं की पाच-सहा तबकड्यांचा संच निघायचा आणि तो फोटोच्या अल्बमसारख्या जाडजूड पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकायचे. तिथून हा शब्द आला. १९४८ ला एलपी, म्हणजे लाँग प्ले तबकडी निघाली, सगळं एका तबकडीत मावू लागलं. वही गेली, नाव राहिलं.

मी सध्या केसरबाई केरकर ऐकतो आहे. अल्बम म्हणता येणार नाही, नातवाने जुन्या ७८ च्या तबकड्या एकापाठोपाठ लावून दिल्या आहेत. बाईंना ध्वनिमुद्रणाचं मुळीच प्रेम नव्हतं. अल्लादियाखाँसाहेबांची तालीम, तास-तास चालणारं गाणं, ते साडेतीन मिनिटांत कोंबायचं म्हणजे पैठणी पाकिटात घालण्यासारखं. तरी त्यातली भैरवी, 'जात कहाँ हो', ऐका. घाई कुठे जाणवते का सांगा. तीच भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीवर अंतराळात गेली. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला बाई इथे मुंबईत गेल्या.

निखारा
कोहिनूर. रॅपर डिव्हाइन. २०१९. घाटकोपर ते वर्सोवा मेट्रोत जवळजवळ पूर्ण होतो, उरलेला रिक्षात.

अल्बम मेला म्हणणाऱ्यांनी ऐकावा. अंधेरीच्या जे. बी. नगरमधला पोरगा, आधी एकेक गाणं सोडत नाव झालं, सिनेमा वगैरे येऊन गेला, आणि मग पहिला अल्बम. छोटा आहे, पाणी घातलेलं नाही. मुंबईची हिंदी आहे, 'अपुन'वाली सिनेमातली नाही, खरी.

आता काका म्हणतील ही बडबड आहे.

गिरगावकर
काका अजून काही म्हणालेले नाहीत. आमच्या वाडीत गणपतीत शाहिरांचे सवाल-जवाब व्हायचे, तीही बडबडच होती आणि यमक चुकलं की लोक उठवून लावायचे. ऐकून सांगतो.

साधा_सूर
तबकडीवेडा, राग मानू नका, पण तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून मला चैन पडेना. मी गाणं शिकवते. किशोरीताईंना प्रत्यक्ष बऱ्याच वेळा ऐकलंय, दादर-पार्ल्याच्या मैफली, एनसीपीएला दोनदा. त्यांचा आवाज 'जमिनीतून आल्यासारखा' कधीच नव्हता. उलट तो वर जाताना पातळ, धारदार व्हायचा, तेच त्याचं सौंदर्य. आणि भूपात 'पाय पसरून बसलेला' स्वर? ताईंचा स्वर कधी पाय पसरून बसत नाही हो, तो सावरून बसतो.

घरात पेटी आहे का? फोनवरचा भूप लावा, त्याचा सा पेटीवर शोधा. मग तबकडी लावा, तिचा सा शोधा. दोन्हीत फरक किती ते सांगा.

तबकडीवेडा
ताई, फोनवरचं दाबलेलं असतं, त्यामुळे खालचे स्वर मरतात. प्लेअरवर ते जिवंत होतात. फरक जाणवणारच.

साधा_सूर
खालचे स्वर मरतात तेव्हा सा जागा बदलत नाही. पेटी काढा.

पारलेकरीण
यांचा निकाल लागेपर्यंत मी माझं लिहून घेते. 'ऋतु हिरवा', आशाताई आणि श्रीधर फडके. आमच्याकडे कॅसेट होती, ती मुलीच्या बारावीच्या वर्षी वाजून वाजून ताणली गेली, मग सीडी आली, आता फोनवर. शीर्षकगीत शांताबाई शेळक्यांचं. पावसाळा सुरू झाला की पहिल्या आठवड्यात लावायचाच, हा आमच्या घरचा कुळाचार.

मला यातलं आवडतं ते म्हणजे आशाताई इथे कुणाला जिंकायला निघालेल्या नाहीत. सिनेमाचं गाणं पहिल्या ओळीत तुमचा हात धरतं. इथे त्या खुर्ची ओढून बसतात आणि बोलायला लागतात. 'झिनी झिनी वाजे बीन' मध्ये बोरकरांचे शब्द किती हलक्या हाताने ठेवलेत!

फक्त एक तक्रार. माझ्या कानात कॅसेटचा क्रम बसलाय. एक गाणं संपलं की पुढच्या शांततेत दुसऱ्याचा पहिला सूर आपोआप डोक्यात वाजतो. फोनवर एकदा क्रम वेगळा लागला तर मी चक्क दचकले. अंधारात पायरी चुकावी तशी.

आठशेआठ
+१ क्रमाला.

माझा: चरणजीत सिंग, 'टेन रागाज टू अ डिस्को बीट', १९८२. हा माणूस हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवायचा, इथेच मुंबईत. त्याने तीन यंत्रं आणली: ज्युपिटर ८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि टीआर-८०८ हे तालाचं. माझं नाव कुठून आलं ते कळलं असेल. त्या यंत्रांवर त्याने दहा राग वाजवले. भैरव, ललित, तोडी, मेघमल्हार, सगळं डिस्कोच्या ठेक्यावर. तेव्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढे १९८७ ला शिकागोत त्याच टीबी-३०३ मधून निघालेल्या आवाजाला 'ॲसिड हाऊस' नाव मिळालं आणि जगभर धुमाकूळ झाला. २०१० मध्ये या तबकडीची नवी आवृत्ती निघाली तेव्हा युरोपातली मंडळी चाट पडली. मुंबईत हे पाच वर्षं आधी झालंय! चरणजीत म्हातारपणी परदेशात जाऊन वाजवून आले, २०१५ ला गेले.

माझं मत विचाराल तर 'शोध लावला' वगैरे म्हणणं अतिशयोक्ती आहे. त्यांनी राग वाजवायला घेतला होता आणि ते यंत्र मुळातच स्वरावरून स्वरावर घसरणारं, त्यामुळे मींडेसारखं काहीतरी फुकटात मिळालं. पण हेडफोन लावून चालत्या गाडीत मेघमल्हार ऐका, रुळांचा ठेका आणि ८०८ चा ठेका कुठेतरी जुळतात.

अवांतर: त्यातही भूपाली, म्हणजे आपला भूप, आहे. वेगाने वाजते.

फ्यूज
आज धागा पाहिला. तबकडीवेडा, साधा_सूर यांचं म्हणणं बरोबर निघणार असं मला वाटतं, आणि दोष तुमच्या कानाचा नाही, विजेचा आहे.

तुमचा प्लेअर अमेरिकेतला. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. त्या काळातल्या बऱ्याच बेल्टवाल्या प्लेअरमध्ये सिंक्रोनस मोटर असायची. तिचा वेग व्होल्टवर नाही, हर्ट्झवर ठरतो. साठाच्या जागी पन्नास दिले की ती सहाच्या जागी पाच फेरे मारणार. म्हणजे तुमची तबकडी मिनिटाला ३३⅓ ऐवजी पावणेअठ्ठावीस फेरे घेते आहे. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालणार, आणि सूर तीन पट्ट्यांपेक्षा किंचित जास्त उतरणार.

खात्री करायला पेटीही नको. तबकडीच्या मधल्या कागदावर कडेला चिठ्ठीचा तुकडा ठेवा आणि मिनिटभर फेऱ्या मोजा.

निखारा
म्हणजे आठवडाभर काका स्लो-रिव्हर्ब व्हर्जन ऐकत होते 😂 आमच्याकडे लोक हे मुद्दाम करून टाकतात आणि लाखांनी ऐकतात.

तबकडीवेडा
मी काका नाही, एकेचाळीस वर्षांचा आहे.

मोजल्या. अठ्ठावीस. तीनदा मोजल्या.

साधा_सूर
🙏

तबकडीवेडा
म्हटलं ४५ फेऱ्यांच्या खुंटीवर टाकून बघू, कदाचित जुळेल. तर ताई एकदम घाईत, बारीक आवाजात, चर्चगेट फास्ट पकडायची असल्यासारख्या.

फ्यूज
४५ चे पाच-षष्ठांश साडेसदतीस. दोन पट्ट्या वर जाणार. हिशेब चोख आहे.

साधा_सूर
एक मात्र खरं. राग भूपच राहिला. सगळे स्वर एकाच प्रमाणात उतरले, त्यामुळे सा-रे-ग-प-ध चं नातं जसंच्या तसं. तुम्ही आठवडाभर भूपच ऐकलात, फक्त गायिका बदलली. आणि विलंबित आणखी विलंबित झालं, त्यामुळे तुम्हाला ऐसपैस वाटलं तेही समजण्यासारखं आहे. मी विद्यार्थ्यांना कधीकधी मुद्दाम वेग कमी करून ताईंच्या जागा ऐकवते. मात्र आजकालच्या सोयीने, सूर न उतरवता.

गिरगावकर
गंमत पहा. व्हॉयेजरच्या त्या तबकडीच्या वेष्टनावर ती कोणत्या वेगाने फिरवायची ते चित्रातून कोरलेलं आहे. मिनिटाला १६⅔ फेरे, म्हणजे एक फेरा ३.६ सेकंदांत, आणि सेकंद परग्रहावर कोण ओळखणार म्हणून तो काळ हायड्रोजनच्या अणूच्या मापात दिला आहे. केसरबाईंचा सूर तिकडे उतरू नये याची एवढी काळजी. न्यू जर्सीहून मुलुंडला तबकडी फिरवायचं यंत्र आलं, त्यावर साधी चिठ्ठीसुद्धा नाही.

पेशकार
धागा वाचून पोट दुखलं. पण मी लिहिणार होतो ते जरा वेगळ्या मूडचं आहे.

झाकीरभाई १५ डिसेंबर २०२४ ला गेले, त्यानंतर बरेच महिने मी त्यांचं काही लावलंच नाही. माहीमला आमचं घर, त्यांचं बालपणही तिथलंच, त्यामुळे 'आपला माणूस' हे जरा जास्तच होतं. गेल्या महिन्यात धीर करून त्यांच्या 'शक्ती' या चमूचा पहिला अल्बम लावला. १९७५ ला अमेरिकेतल्या एका कॉलेजात झालेली मैफल, १९७६ ला निघाली. मॅक्लॉफ्लिनची गिटार, एल. शंकरचं व्हायोलिन, विक्कू विनायकरामांचा घटम. झाकीरभाई तेव्हा चोवीस वर्षांचे.

पहिल्या बाजूला 'जॉय' आणि 'लोटस फीट', दुसऱ्या बाजूला एकच रचना, एकोणतीस मिनिटांची. एलपीच्या एका बाजूला एकोणतीस मिनिटं म्हणजे लोकलच्या चौथ्या सीटवर आणखी एक माणूस. पण कापायचं कुठे? तबला आणि घटम एकमेकांना जे डिवचतात ते तोडून दाखवता येत नाही. 'जॉय' चांगलं म्हणून लोक तेवढंच ऐकतात, आणि तिथेच थांबतात. विंडोसीट यांच्या अटीला माझं पूर्ण अनुमोदन.

नंतर २०२३ चा 'धिस मोमेंट'ही ऐकला, ज्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. त्यात शंकर महादेवन आहेत. नीटनेटका आहे, रुबाबदार आहे. पण पहिल्यात जी पोरं एकमेकांवर धावून जातात ती इथे एकमेकांना 'आधी आपण' म्हणतात. वयाचा परिणाम असेल, त्यांच्या आणि माझ्याही. १९८७ चा 'मेकिंग म्युझिक' मला या दोन्हींच्या मधला वाटतो, हरिप्रसादजी त्यात कमालीचे शांत आहेत. रात्री अकरानंतर, दिवा घालवून.

विंडोसीट
पेशकार, आज परतीच्या गाडीत लावला. ती एकोणतीस मिनिटं बोरिवलीच्या अलीकडे सिग्नलला उभ्या गाडीत ऐकली. गाडी सुटली तेव्हा खरं तर वाईट वाटलं.

गिरगावकर
निखारा यांस. 'कोहिनूर' ऐकला, दोनदा. पहिल्यांदा शब्द निसटले, दुसऱ्यांदा नातवाला शेजारी बसवलं. सगळं पटलं नाही, शिव्या कमी चालल्या असत्या. पण गडी श्वास कुठे घेतो ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही, आणि समेवर न चुकता येतो. त्याच्या आईचा उल्लेख येतो तिथे आवाज बदलतो, ते खोटं वाटलं नाही. आता तुम्ही केसरबाई ऐका. साडेतीन मिनिटं आहेत, रील्सपेक्षा फार मोठी नाही.

निखारा
ऐकली काका. पहिल्या वेळी काही कळलं नाही, नुसती खरखर. काल रात्री परत लावली. ती मधेच एकदम वर जाऊन काहीच झालं नाही अशी खाली येते ना, तो भाग सात-आठ वेळा मागे घेतला. अटीत बसत नाही, माहीत आहे.

चाळकरी
आमच्या शेजाऱ्यांनी अल्बम बदललाय. 'शिवकल्याण राजा'. साडेसहालाच. बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन सुरू झालं की झोपून राहायची सोयच नाही, माणूस आपोआप ताठ उभा राहतो.

तबकडीवेडा
अंतिम वृत्तांत.

फ्यूज यांनी खाजगी निरोपातून सांगितल्याप्रमाणे मोटरवरची छोटी पुली काढली. तिचा व्यास सहा-पंचमांश केला की पन्नास हर्ट्झला वेग जमतो. तयार मिळेना, म्हणून कुर्ल्याला एका लेथवाल्याकडे गेलो. तो मोठमोठे शाफ्ट कातणारा माणूस, माझी बोराच्या बीएवढी पुली हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. "कशाची आहे?" म्हटलं, गाण्याची. पितळेत कातून दिली, पैसे घेईना. म्हणाला, एवढ्याशाचं काय घ्यायचं, वाजली की कळवा.

काल रात्री बसवली. चिठ्ठी ठेवून मोजलं, मिनिटाला तेहतीस आणि वर थोडं. मग भूप लावला. साधा_सूर ताई, तुम्ही म्हणालात तसंच. सावरून बसलेला स्वर. 'सहेला रे' ला तर मी उठून उभाच राहिलो. तरी पहिली पाच मिनिटं मला ती दुसरी बाई आठवत होती, माझ्या आठवडाभराची, जड आवाजाची. ती आता कुणालाच ऐकू येणार नाही.

आई आतून म्हणाली, "आज बरी दिसतेय. काढा घेतला असेल."

फ्यूज
वा! पुलीला दोन पायऱ्या असतात, ४५ ची पण कातून घेतलीत ना? जुन्या सिनेमांच्या ईपी, म्हणजे ४५ च्या छोट्या तबकड्या, लावायच्या असतील तर लागेल.

तबकडीवेडा
...

उद्या परत कुर्ला.